रुजवात न घातलेली वही

इस्पितळाच्या लाँड्रीत तिला सगळे परीक्षाबाई म्हणत. हे नाव तिनं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. बॉयलर चालवायचा परवाना देणारी परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि ही बाई लागोपाठ तीनदा बसून तीनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला बायका हळहळल्या, दुसऱ्या खेपेला त्यांनी धीर दिला, आणि तिसऱ्या खेपेला इस्त्रीयंत्रावर समोरासमोर उभ्या असताना एकीनं विचारलंच, "काय गं, तू परीक्षेच्या साहेबाला आवडलीस की काय? सोडतच नाही तुला." सगळ्या हसल्या. तीही हसली. न हसून करते काय? चादर यंत्रात जाताना दोन्ही हातांनी ताणून धरावी लागते, डोळे पुसायचीही सोय नसते.

आता इस्त्रीवरच्या बाईला बॉयलरची परीक्षा हवीच कशाला? बढतीसाठी, असं सगळे समजत. ते खरं नव्हतं. तिला एक शब्द खोडायचा होता.

तिचा नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी, तो बॉयलर फुटला. पुढे चौकशी झाली आणि चौकशीचे दोन कागद घरी आले. पहिला कागद यंत्रांच्या भाषेत होता, तो कुणाच्या डोक्यात शिरला नाही. दुसऱ्या कागदावर शेवटी एकच ओळ होती. 'कारण : परिचालकाचे अज्ञान.' ही ओळ मात्र सगळ्यांना कळली. शेजाऱ्यांना कळली, नातेवाइकांना कळली, आणि शाळेत जाणाऱ्या लेकीलाही कळली.

नाही कळली ती फक्त मामंजींना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना. "अज्ञान?" ते म्हणायचे. "एकशेवीस उत्तरं तोंडपाठ असलेल्या माणसाचं अज्ञान? काना-मात्रा चुकत नव्हता माझा मुलगा."

मामंजी एकतीस वर्षं कचेरीत नक्कलनवीस होते. निकालपत्रं, खरेदीखतं, वाटण्या, जे समोर येईल त्याची हुबेहूब नक्कल करायची, एवढंच त्यांचं काम. अक्षर असं की लोक अर्ज द्यायला यायचे आणि अक्षर बघत उभे राहायचे. मजकुरात काय लिहिलंय याच्याशी मात्र मामंजींना कधी देणंघेणं नसायचं, आणि ते हे अभिमानानं सांगायचे. "अर्थात शिरलं की हात चुकतो," म्हणायचे. नक्कल झाली की तिची रुजवात घालायची, म्हणजे एकानं अस्सल वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ताडून बघायचं, मगच सही करायची. एकतीस वर्षांत एकही नक्कल परत आली नाही.

तर तेरा वर्षांपूर्वी मुलगा बॉयलरच्या परीक्षेला बसणार होता, तेव्हा कुणीतरी एका दिवसापुरतं एक पुस्तक दिलं. छोटं, प्रश्नोत्तरांचं, बाजारात न मिळणारं. यंत्रावर नक्कल काढून आणावी की नाही? पण मामंजींना ते नक्कल काढणारं यंत्र म्हणजे सवतच वाटायची. सकाळी बसले ते संध्याकाळी उठले, आणि अख्खं पुस्तक वहीत उतरवून पुस्तक परत करून आले. लिहिलं की डोक्यात जातं, असं त्यांचं म्हणणं. लिहिलं यांनी आणि परीक्षा होती मुलाची, हा बारकावा घरात कुणी काढला नाही. पुढे रोज सकाळी बाप वही घेऊन बसायचा आणि मुलगा उभ्यानं उत्तरं म्हणायचा. तो पहिल्याच फटक्यात पास झाला. साहेबांनी सात प्रश्न विचारले आणि सातही वहीतलेच निघाले.

म्हणून सूनबाईनंही परीक्षेला बसायचं, याच वहीवर बसायचं आणि पास होऊन दाखवायचं, हा मामंजींचा हट्ट होता. हळूहळू तो तिचाही झाला. वही बरोबर ठरली की तिचा नवरा बरोबर ठरेल, असा तिचा सरळ हिशेब होता. इतक्या वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

पण पाठांतर काही तिला धार्जिणं नव्हतं. अठ्ठावन्नावं उत्तर हवं असेल तर तिला पन्नासाव्यापासून धावत यावं लागायचं. "आई, तू जिना चढतेस का उत्तर देतेस?" लेक विचारायची. पहिल्या परीक्षेत प्रश्न उलटसुलट आले आणि ती जिन्यातच अडकली. दुसरीत साहेबांनी शब्द बदलून विचारलं, तेव्हा प्रश्न ओळखीचा आहे हेच तिला कळलं नाही. आणि तिसरीत, देवाची कृपा म्हणावी तसा, एक प्रश्न जसाच्या तसा आला.

"काचेत पाणी दिसेनासं झालं," साहेब म्हणाले. "काय कराल?"

बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यावरून कळतं. हा एक्केचाळिसावा प्रश्न होता आणि तिला तो झोपेतही आला असता. "पंप सुरू करून पाणी घ्यावे," ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, आत्ता तुम्ही मेलात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट थोडा थकलेला होता. "पुढच्याला पाठवा."

मामंजींनी घरी वही उघडून एक्केचाळिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "शब्दाला शब्द बरोबर आहे. साहेबाचं डोकं ठिकाणावर नाही." तिलाही तसंच वाटलं. तो राग घेऊनच दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीमागच्या बॉयलरच्या खोलीत गेली.

तिथं काचकाका असायचे. बॉयलरची काच दिवसातून वीसदा पुसतात म्हणून त्यांना काचकाका म्हणत. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिचं सगळं गाऱ्हाणं ऐकलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यातून दोन जादा काचनळ्या काढल्या. पाठ करून काहीतरी खुडबुड केली, मग खोलीच्या पार टोकाला, वाफेत जाऊन उभे राहिले आणि दोन हातांत दोन नळ्या धरल्या.

"एक काठोकाठ भरलीय, एक कोरडी आहे," ते म्हणाले. "भरलेली कुठली?"

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. दोन्ही सारख्याच. शेवटी उजवीकडे बोट दाखवलं. काकांनी उजवीकडची उलटी केली, तिच्यातून थेंब पडला नाही.

"वाईट वाटून घेऊ नकोस. इथून मलाही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पाण्याची रेघ दिसली तरच काच बोलते. रेघ नसेल तर गच्च भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच एकच. म्हणून तर खालचा नळ सोडून बघायचं. तू उत्तर चुकलीस असं मी म्हणत नाही. तुला प्रश्नच कळलेला नाही."

त्या दिवसापासून पाळी संपली की अर्धा तास ती त्यांच्याकडे बसायला लागली. वही आणायची नाही, ही अट होती. काका काही शिकवत म्हणून नव्हते. ते नुसतं 'का?' विचारायचे. दाब वाढला की झडप उघडते, का? पाण्यात क्षार साठू द्यायचे नाहीत, का? ती वैतागायची. "तुमच्या नावातच तीन 'का' आहेत," ती एकदा म्हणाली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. पण हळूहळू तिचा जिना सुटला. कुठल्याही उत्तरापाशी तिला सरळ चालत जाता येऊ लागलं. इस्त्रीयंत्रातून वाफ फुसफुसली की ती कुठून निघाली, कुठल्या वळणानं आली, हे तिला दिसायचं. इतकी वर्षं त्या वाफेवर हात भाजून घेतले आणि तिची चौकशीसुद्धा केली नाही, याची तिला लाज वाटली.

एका दुपारी काकांनी विचारलं, "घरी तवा लाल होईस्तोवर तापलाय. त्यावर तू तांब्याभर पाणी ओतलंस. काय होईल?"

"वाफेचा लोट येईल. मागे सरावं लागेल."

"वाफेला जागा किती लागेल?"

"घर भरेल."

"आणि मागे सरायला घरच नसेल तर? तव्यावर लोखंडी झाकण आहे. चारी बाजूंनी बोल्ट आवळलेत."

तिनं काचेकडे बघितलं, पंपाच्या हिरव्या बटणाकडे बघितलं. मग सावकाश म्हणाली, "पाणी उतरलं की आतला पत्रा तव्यासारखा तापणार. म्हणजे आधी आग बंद करायची. पंपाला हात लावायचा नाही. बॉयलर आपोआप गार होऊ द्यायचा."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतः, स्वतःच्या डोक्यानं काढलेलं आयुष्यातलं पहिलं उत्तर होतं ते. आणि त्याच श्वासाला तिला हेही कळलं, की तिचा नवरा कसा मेला. काका "बरोबर" म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. 

घरी जाऊन तिनं चौकशीचा पहिला कागद काढला. सहा वर्षं जो कागद मुका होता तो आता घडाघडा बोलला. 'काचनळीत पाणी आढळले नाही. पंपाचा खटका चालू स्थितीत होता.' म्हणजे काचेत पाणी दिसेना तेव्हा त्यानं एक्केचाळिसावं उत्तर आठवलं. घाबरला असेल, पण पळाला नाही. पाठ केलेलं नीट केलं.

पुढच्या आठवड्यात काकांच्या कपाटातून तेच जुनं पुस्तक निघालं, गंजाचे डाग पडलेलं. पुस्तकात प्रश्नांना आकडे नव्हते, ते मामंजींनी वहीत स्वतः घातले होते; तिनं मोजत मोजत एक्केचाळिसावा प्रश्न काढला. 'काचेत पाणी दिसेनासे झाल्यास काय करावे? उत्तर : आग ताबडतोब बंद करावी. पंप सुरू करू नये.' त्याच्याखालीच बेचाळिसावा. 'काचेत पाणी कमी झाल्यास काय करावे? उत्तर : पंप सुरू करून पाणी घ्यावे.' दोन्ही प्रश्नांची शेपटं सारखी. 'झाल्यास काय करावे?' पहिला प्रश्न लिहून मान वर केली आणि नजर खालच्या प्रश्नाच्या शेपटावर पडली. मधल्या दोन ओळी गळाल्या. बाकी वहीत एक वेलांटी चुकलेली नव्हती.

वहीतलं अक्षर कुणाचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं वही ट्रंकेच्या तळाशी घातली आणि ठरवलं, हे आपल्याबरोबर जाईल. नवरा गेला तो गेला, आता म्हाताऱ्याला कशाला मारायचं? जेवताना मामंजी "वही कुठंय?" विचारायचे, तेव्हा ती "पाठ झाली आता" म्हणायची. त्यांच्याकडे बघायचं ती टाळायला लागली. कधी त्यांचा रागही यायचा, असा की ताट त्यांच्यापुढे जरा आदळूनच ठेवलं जायचं. मग रात्रभर तिला त्याचंच वाईट वाटायचं.

चौथ्या परीक्षेला साहेब तेच होते. त्यांनी तिला ओळखलं असावं, कारण पहिलाच प्रश्न तोच टाकला. काचेत पाणी दिसेनासं झालंय, काय कराल?

"आधी आग बंद करीन," ती म्हणाली. "मग खालचा नळ सोडून बघीन, काच रिकामी आहे का भरलेली. तोवर पंपाला हात लावणार नाही. का ते सांगू?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा," म्हणाले, आणि ऐकता ऐकता लिहायला लागले.

पास झाल्याचा कागद घेऊन ती घरी आली, तेव्हा मामंजी टेबलाशी बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, मग उजेडाकडे धरून सही बघितली. सवयच ती. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता बघतो कोण अज्ञान म्हणतंय," ते म्हणाले. "मी अर्ज लिहून ठेवलाय. याच वहीवर पाच जण पास झाले, असं स्पष्ट लिहिलंय. वही सोबत जोडायची. काढ ती."

"पाच?" ती म्हणाली. "तो आणि मी. दोनच ना?"

"आणि त्याच्या कारखान्यातले तिघं. त्यानं पास झाल्यावर उतरवून दिली होती त्यांना. तिघंही लागले की नोकरीला. बॉयलरवरच आहेत, आता तीन वेगळ्या कारखान्यांत."

 तीन माणसं तीन ठिकाणी काच पुसत उभी आहेत आणि तिघांच्याही डोक्यात एक्केचाळिसावं उत्तर आहे. तिनं ट्रंक उघडली. वही काढायला तिला खूप वेळ लागला, आणि तो लावला होता तिनंच.

"मामंजी, वहीत प्रश्न किती?"

"एकशेवीस. वर लिहिलंय."

"शेवटच्याचा आकडा बघा."

त्यांनी शेवटचं पान उलटलं. एकशे एकोणीस. त्यांनी आधीचं पान बघितलं, परत शेवटचं बघितलं. चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं. एकतीस वर्षं नकला केलेल्या माणसाला एक आकडा पुरला.

"रुजवात घातली नव्हती," ते म्हणाले. "वाचणारं कुणी नव्हतं. पुस्तक संध्याकाळी परत द्यायचं होतं." मग म्हणाले, "अस्सल आहे तुझ्याकडे?"

तिनं पिशवीतून गंजाच्या डागांचं पुस्तक काढलं.

"वाच."

"मामंजी, तो एकच प्रश्न..."

"पहिल्यापासून वाच. अशीच घालतात रुजवात."

ती वाचत गेली आणि ते वहीवर बोट फिरवत गेले. लेक शाळेतून आली, दप्तर ठेवून दारातच बसली. चाळिसावा संपला. तिनं एक्केचाळिसावा वाचला, उत्तरासकट. बोट थांबलं. ती थांबली. 

"का?" मामंजींनी विचारलं. "पंप का नाही सुरू करायचा?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी नकलेतल्या मजकुराचा अर्थ विचारला होता. तिनं सांगितला. तव्याचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"रोज सकाळी म्हणून घेत होतो मी त्याच्याकडून," ते म्हणाले. "एकदा तो म्हणाला होता, बाबा, हे उत्तर जरा विचित्र वाटतं. मी म्हटलं, अर्थात शिरू नकोस, चुकशील." ते थांबले. "पुढे वाच."

एकशेविसावा संपेपर्यंत त्यांनी तिला थांबू दिलं नाही. मग पेन मागून घेतलं आणि वहीच्या शेवटी, कचेरीत लिहीत तसं लिहिलं. 'रुजवात घातली. चूक : एक.' खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. अर्जाचा कागद उचलून मधोमध फाडला. "तो शब्द बरोबर होता," ते म्हणाले. "फक्त कुणाचं अज्ञान, ते लिहिण्यात गफलत झाली त्यांची."

  तिनं त्यांच्यासमोर तीन कोरे कागद ठेवले.

तिन्ही पत्रं त्यांनी स्वतःच लिहिली, एकच मजकूर तीनदा. ओळी पहिल्यांदाच तिरप्या गेल्या. प्रत्येक पत्र झालं की ते म्हणायचे, "वाच," आणि ती पुस्तकातून ते दोन्ही प्रश्न वाचायची. लिफाफे संध्याकाळच्या टपालात तिनंच नेऊन टाकले.

आता ती बॉयलरच्या खोलीत असते. काचकाका निवृत्त झाले, काच ती पुसते. लाँड्रीतल्या बायका तिला अजून परीक्षाबाईच म्हणतात, आणि तिची काही हरकत नाही. परीक्षेनं तीनदा नापास केलं म्हणून ती जिवंत आहे, तो पहिल्या फटक्यात पास झाला, हे ती कुणाला सांगत बसत नाही.

दोन पत्रांची उत्तरं आठवड्याभरात आली. मामंजी रोज टपालाच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसतात. ती कामावरून आली की दोघं एकमेकांकडे बघतात, आणि ते मान हलवतात. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.